प्रकाशक्रियाशील जंतुनाशक लेप

प्रकाश पडला असता ज्याच्या पृष्ठभागी सूक्ष्मजंतूंना मारक अशी रासायनिक क्रिया सुरू होते व प्रकाश नाहीसा झाल्यावर जी बहुधा थांबते, अशा पातळ थरास प्रकाशक्रियाशील जंतुनाशक लेप असे म्हणतात. भिंती, लाद्या, खाटांचे कठडे, दारांच्या मुठी, विजेची बटणे, सलाइनच्या बाटल्या टांगण्याचे दांडे अशा वारंवार हात लागणाऱ्या वस्तूंवर हा थर देतात. फिनेल किंवा क्लोरिनयुक्त द्राव यांनी पुसलेला पृष्ठभाग काही वेळ निर्जंतुक राहतो. पुढचा हात लागताच तो पुन्हा दूषित होतो. दोन वेळच्या पुसण्यांमधील हा काळ भरून काढणे, हा या लेपामागील मूळ हेतू होय. लेपातील क्रियाशील द्रव्य स्वतः झिरपून जंतूंवर विषासारखे कार्य करीत नाही. प्रकाशाची ऊर्जा ग्रहण करून ते हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांपासून अत्यंत अल्पजीवी पण तीव्र ऑक्सिडीकारक कण निर्माण करते आणि ते कण जंतूचे आवरण, प्रथिने व न्यूक्लिइक अम्ल यांवर एकाच वेळी आघात करतात.

रुग्ण ज्या विकारासाठी रुग्णालयात दाखल झाला, त्याहून वेगळा संसर्ग त्याला तेथेच जडणे ही जुनी आपत्ती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार तीव्र विकारांच्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत सुमारे ७ जणांना, तर कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. प्रतिजैव पदार्थांना दाद न देणारे जंतू वाढल्यापासून त्याचे गांभीर्य अधिकच वाढले. मुंबईत माहीम येथील हिंदुजा रुग्णालयात २००९ च्या उत्तरार्धात मिळालेल्या, कार्बापेनेम या शेवटच्या फळीतील औषधांना प्रतिरोध करणाऱ्या आंत्रजंतूंच्या २४ नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळले. असे जंतू रुग्णाच्या शरीराबाहेरही तग धरतात. कोरड्या पृष्ठभागावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पुवाचा जंतू आठवड्यापासून काही महिन्यांपर्यंत आणि अतिदक्षता विभागात वारंवार आढळणारा ॲसिनेटोबॅक्टर पाच महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. औषधाने न मरणारा जंतू रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, म्हणजे कठड्यावर किंवा टेबलावर असतानाच, मारता येईल काय, या प्रश्नातून या लेपांचे संशोधन वाढीस लागले.

इतिहास : उन्हाने वस्तू शुद्ध होतात ही समजूत सार्वत्रिक आहे. गाद्यांना, गोधड्यांना व आजाऱ्याच्या अंथरुणाला ऊन दाखविण्याची महाराष्ट्रातील घरोघरची चाल तिच्यातूनच आलेली. तिला प्रायोगिक आधार मिळाला तो १८७७ मध्ये. आर्थर डाउन्स व टॉमस ब्लंट या इंग्रज संशोधकांनी पोषक द्रावाने भरलेल्या काही परीक्षानळ्या उन्हात ठेवल्या व काही झाकून ठेवल्या. झाकलेल्या नळ्यांतील द्राव जंतूंमुळे गढूळ झाला; उन्हातला स्वच्छ राहिला. वर्णपटातील निळ्या-जांभळ्या टोकाकडील किरण अधिक प्रभावी असतात हे त्यांनी दाखविले, तसेच या क्रियेत ऑक्सिजनचा वाटा असल्याचेही त्यांच्या ध्यानात आले. या दुसऱ्या निरीक्षणाकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही. आजचे लेप मात्र त्याच्यावरच उभे आहेत. पुढे १८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू थेट उन्हात काही मिनिटांपासून काही तासांत मरतात असे बर्लिन येथील वैद्यक परिषदेत सांगितले. त्वचेच्या क्षयावर केंद्रित प्रकाशाने उपचार करणारे डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास मुंबईत प्रकाश आणि पृष्ठभाग हे दोन्ही विषय प्रयोगशाळेबाहेर येऊन थेट लोकांच्या घरांत शिरले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि साथ लवकरच शहराबाहेर साष्टी बेटावरील वांद्रे व इतर गावठाणांत पोहोचली. (तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत त्या काळी उभारलेले प्लेगचे क्रूस आजही पाहावयास मिळतात.) रोगाचे विष घराच्या जमिनीत व भिंतींत मुरते, असा अधिकाऱ्यांचा समज होता. म्हणून जमिनींवर जंतुनाशक द्रावांचा मारा केला गेला, भिंतींना चुन्याची सफेदी देण्यात आली, अंधाऱ्या खोल्यांत ऊन शिरावे म्हणून छपरांची कौले काढण्यात आली आणि कित्येक घरांवर ती मनुष्यवस्तीस अयोग्य असल्याची अक्षरे रंगविली गेली. चुन्याच्या सफेदीला या शहरात मोठ्या प्रमाणावर वापरलेला पहिला जंतुनाशक लेप म्हणावयास हरकत नाही. ताज्या चुन्याची तीव्र अल्कधर्मीयता जंतूंना मारते आणि त्याचा पांढरा रंग खोलीत आलेला अल्प प्रकाश परावर्तित करून वाढवितो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाशी संयोग होऊन त्याचे कार्बोनेट बनले की पहिला गुण संपतो व दुसरा तेवढा उरतो.

या सर्व खटाटोपाची परीक्षा मुंबईतच झाली. १९०५ पासून परळ येथील प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (१९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट) काम करणाऱ्या प्लेग आयोगाने शेणाने सारवलेल्या व चुन्याच्या जमिनी मुद्दाम प्लेगच्या जंतूंनी भरपूर दूषित करून त्यांवर प्राणी सोडले. शेणाची जमीन ४८ तासांनंतर व चुन्याची २४ तासांनंतर रोग देईनाशी झाली. रोगाचा खरा वाहक उंदरावरील पिसू होय, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलेले मत त्याच आयोगाच्या प्रयोगांनी पक्के केले. जमिनीवर ओतलेला जंतुनाशक द्राव आणि उघडलेली छपरे यांचा साथीवर जो परिणाम व्हावयास हवा होता तो का झाला नाही, याचे उत्तर त्यातून मिळाले. पृष्ठभागावर जंतू असणे आणि त्या पृष्ठभागावरून रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही. रुग्णालयांतील लेपांचे मूल्यमापन करतानाही हाच भेद वारंवार आड येतो. लोकांच्या दृष्टीने मात्र हे ज्ञान उशिरा आले. तोवर घरे उघडी पडली होती आणि माणसे शहर सोडून गेली होती.

प्लेगच्या धसक्याने १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई नगर सुधारणा विश्वस्त मंडळाने प्रकाशाला नियमाचे रूप दिले. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये राहत्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान देऊन ज्या कोनाचा पुरस्कार केला तो ६३·५ अंशांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. खोलीच्या उघड्या बाजूपासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा क्षितिजसमांतर पातळीशी यापेक्षा मोठा कोन करू नये, असा त्याचा आशय. साध्या हिशेबाने, दोन इमारतींमधील मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी. दाटीवाटीच्या जुन्या शहरात हा नियम पाळणे खर्चिक ठरले. उपनगरांत परिस्थिती निराळी होती. १९१५ च्या नगररचना कायद्यानंतर वांद्रे, खार, सांताक्रूझ, विलेपार्ले इ. ठिकाणी ज्या नगररचना योजना झाल्या, त्यांत रुंद रस्ते, भूखंडाभोवती मोकळी जागा व दोनतीन मजली घरे यांना वाव मिळाला. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. शहरातील कोंदट चाळ सोडून अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडला जाणाऱ्या कुटुंबाला मोकळ्या हवेबरोबर उजेडाचेही आश्वासन मिळत असे. उपनगरे मुंबईच्या महापालिकेत आली ती नंतर, १९५० व १९५७ मध्ये.

तत्त्व व विकास : प्रकाश स्वतः जंतू मारतो, हे वरील इतिहासात गृहीत आहे. दुसऱ्या एखाद्या द्रव्याच्या साहाय्याने सौम्य प्रकाशही मारक होतो, हा शोध म्यूनिक येथे लागला. तेथील विद्यार्थी ऑस्कर राब १९०० च्या सुमारास ॲक्रिडीन या रंजकद्रव्याचा पॅरामिशियम या एकपेशीय जीवावरील परिणाम तपासत होता. एकाच मात्रेचे परिणाम निरनिराळ्या दिवशी वेगळे येत. वादळामुळे आभाळ काळवंडलेल्या दिवशी जीव अधिक काळ जगले, त्यावरून उजेडाचा संबंध त्याच्या लक्षात आला, असे सांगतात. त्याचे गुरू हेर्मान फोन टापाइनर यांनी या क्रियेत ऑक्सिजन आवश्यक असल्याचे दाखवून तिला प्रकाशगतिक क्रिया हे नाव दिले. रंजकाचा रेणू प्रकाश शोषून उत्तेजित होतो आणि आपली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला देतो. त्यामुळे सिंग्लेट ऑक्सिजन हे त्याचे क्रियाशील रूप तयार होते. ते अत्यल्प काळ टिकते व फारच थोडे अंतर जाऊ शकते. म्हणूनच जंतू लेपाला चिकटून असेल तरच मरतो. मध्ये रक्ताचा, कफाचा किंवा धुळीचा थर असेल तर वाचतो.

लेपांची दुसरी शाखा अर्धसंवाहकांची. टोकिओ विद्यापीठातील आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत् अग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखविले. या संयुगाच्या ॲनॅटेज या स्फटिकरूपावर सुमारे ३८८ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा, म्हणजे जंबुपार प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातात व मागे धन भाराच्या रिक्त जागा राहतात. पृष्ठभागी आलेल्या रिक्त जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके आणि इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड तयार करतात. १९८५ मध्ये तादाशी मात्सुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमयुक्त टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या भुकटीने दिव्याच्या प्रकाशात एश्चेरिकिया कोलाय इ. सूक्ष्मजीव मारता येतात असे दाखविले. पुढील दशकात जपानी उद्योगांनी या संयुगाचा थर असलेल्या फरशा तयार केल्या व त्या शस्त्रक्रियागृहांतही बसविण्यात आल्या. अशा थरावर पाणी थेंबांच्या रूपात न राहता पसरते व मळ सहज धुऊन जातो, हा त्याचा आणखी एक गुण १९९७ मध्ये उजेडात आला. बाजारात जंतुनाशक म्हणून आलेला हा माल पुष्कळदा या स्वच्छतेच्या गुणावरच खपला.

हे द्रव्य दुर्मिळ नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आढळणारे इल्मेनाइट हे टिटॅनियमचे खनिज होय. केरळच्या किनाऱ्यावर तर त्याचे मोठे साठे आहेत. घराच्या भिंतीला लावावयाच्या पांढऱ्या रंगात टिटॅनियम डाय-ऑक्साइड असतेच. मात्र त्यातील कण बहुधा रूटाइल या रूपातील असून त्यांवर सिलिका किंवा ॲल्युमिना यांचे कवच चढविलेले असते, कारण ते उघडे राहिले तर प्रकाशात रंगातील राळेचेच विघटन होऊन भिंत पांढरी भुकटी सोडू लागेल. रंगाच्या कारखानदाराने जो गुण प्रयत्नपूर्वक दाबून टाकला तोच लेप बनविणाऱ्याला हवा असतो. साध्या पांढऱ्या रंगाला जंतुनाशक म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरते.

टिटॅनियम डाय-ऑक्साइडाची मोठी अडचण जंबुपार प्रकाशाची. सूर्यप्रकाशात त्याचे प्रमाण अवघे काही टक्के असते, खिडकीची काच त्यातील काही भाग अडविते आणि सध्या प्रचारात असलेल्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात ते जवळजवळ नसतेच. नायट्रोजन, तांबे, चांदी इत्यादींचा अल्प अंश मिसळून हे संयुग दृश्य प्रकाशात क्रियाशील करण्याचे प्रयत्न झाले. दुसरा मार्ग पुन्हा रंजकांकडे नेतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मायकेल विल्सन, आयव्हन पार्किन व त्यांचे सहकारी यांनी टोल्युइडीन ब्ल्यू, मिथिलीन ब्ल्यू, क्रिस्टल व्हायोलेट ही रंजके सिलिकोन इ. बहुवारिकांत मुरवून पृष्ठभाग तयार केले. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची जोड दिल्यास त्यांचा प्रभाव वाढतो. क्रिस्टल व्हायोलेट व प्रत्येकी २५ अणूंचे सुवर्णपुंज असलेला त्यांचा लेप २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ३०० लक्स एवढ्याच, म्हणजे साध्या खोलीतील दिव्याच्या उजेडात त्याने स्टॅफिलोकॉकस सहा तासांत, तर एश्चेरिकिया कोलाय २४ तासांत मोठ्या प्रमाणावर मारले. या दोन जंतूंमधील फरक लक्षणीय आहे. ग्रॅम-ऋण जंतूंना बाहेरचे एक जादा आवरण असल्याने ते उशिरा मरतात आणि भारतीय अतिदक्षता विभागांतील सर्वांत चिवट संसर्ग बव्हंशी याच गटातील जंतूंचे असतात. क्रिस्टल व्हायोलेट हे रंजक भारतीय दवाखान्यांत नवे नाही. जखमेला लावावयाचे जांभळे औषध म्हणून ते जुन्या पिढीच्या परिचयाचे आहे.

याहून वेगळा पर्याय प्रारणाचा. मुंबई उपनगरातील तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘आयसोमेड’ हा प्रकल्प १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सुरू झाला. कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य वेष्टनासह निर्जंतुक करणारा हा भारतातील पहिला प्रकल्प होय. गॅमा किरण बंद खोक्याच्या आरपार जात असल्याने पिचकारी, शिवणाचा दोरा, कापसाच्या पट्ट्या वेष्टन उघडेपर्यंत निर्जंतुक राहतात. रुग्णालयात येणाऱ्या वस्तूंचा प्रश्न त्याने बऱ्याच अंशी सोडविला. रुग्णालयातच असलेल्या खाटेचा, मोरीचा व भिंतीचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. लघु तरंगलांबीचे जंबुपार दिवे तेथे वापरता येतात, पण खोलीत माणसे असताना ते थेट लावता येत नाहीत आणि त्यांच्या सावलीतले जंतू वाचतात. ग्लासगो येथे विकसित झालेला ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश माणसांदेखत लावता येतो. जंतूच्या शरीरातील पॉर्फिरिने तो शोषतात, म्हणजे येथे रंजक जंतू स्वतःच पुरवितो.

मुंबई उपनगरे व वापर : २०२० मधील कोव्हिड-१९ च्या साथीने लेपांना अकस्मात प्रसिद्धी दिली. अंधेरीजवळील मरोळ येथील सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेने या रोगासाठी राखून ठेवले; मुलुंड, दहिसर व गोरेगाव येथे काही आठवड्यांत मोठी तात्पुरती रुग्णालये उभी राहिली. वस्तूंना हात लावण्याची भीती घरोघर पसरली होती. भाजी धुतली जाई, वृत्तपत्रे बंद झाली होती, उद्वाहनाची बटणे काडीने दाबली जात होती. गृहनिर्माण संस्थांत व कचेऱ्यांत हायपोक्लोराइटाची फवारणी झाली आणि महिनोन्‌महिने टिकणाऱ्या ‘नॅनो’ लेपांच्या जाहिराती आल्या. नौदलाच्या मुंबई येथील गोदीने साधने निर्जंतुक करण्यासाठी जंबुपार किरणांचा कक्ष तयार केला. कपुरथळा येथील रेल्वेच्या डबा कारखान्याने जुलै २०२० मध्ये जो ‘कोव्हिडोत्तर’ डबा सादर केला, त्यात तांब्याचा मुलामा दिलेल्या मुठींबरोबर टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा लेपही होता. विषाणू प्रामुख्याने हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले. दूषित पृष्ठभागाशी एकदा संपर्क आल्याने संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केले. प्लेगच्या वेळी जमिनीवर ओतलेल्या जंतुनाशकाची कथा सव्वाशे वर्षांनी जवळजवळ तशीच घडली.

त्यावरून पृष्ठभागाचे महत्त्व सर्वच रोगांत नगण्य मानणे मात्र बरोबर नाही. रुग्णालयांतील जंतूंच्या बाबतीत कठड्यावरून हाताकडे व हातावरून सुईच्या जागेकडे जाणारा मार्ग खरा आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. जानेवारी २०१९ मध्ये पश्चिम उपनगरातील एका महापालिका रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग होऊन त्यांतील काहींची दृष्टी गेली. अशा घटनांत जंतू उपकरणांतून, द्रावांतून, हातांतून किंवा पृष्ठभागावरून येऊ शकतो. लेप यांपैकी एकच वाट अडवितो.

आता उजेडाचा प्रश्न. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड व पीएमजीपी वसाहत या तीन पुनर्वसन वसाहतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांनी केलेली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्धीस आली. पहिल्या दोन वसाहतींत सात-आठ मजली इमारती सुमारे ३ मी. अंतरावर उभ्या आहेत. तेथे दर दहा घरांमागे सुमारे एका घरात क्षयाचा रुग्ण आढळला, तर इमारतींमध्ये अधिक अंतर असलेल्या तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण पुष्कळच कमी होते. ऊन व वारा न पोहोचणारे खालचे मजले विशेष बाधित होते. १९१२ च्या नियमाने मोजल्यास २० मी. उंचीच्या इमारतीसमोर निदान १० मी. मोकळी जागा हवी. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत सवलती देताना हा हिशेब मागे पडला. उजेडासाठी वसविलेल्या उपनगरात उजेडच दुर्मिळ झाला. क्षय हवेतून पसरतो, तेव्हा अशा घरांत भिंतीवर लेप देऊन तो हटणार नाही. तेथे खिडकी व वारा हाच उपाय आहे. पण या वसाहतींतील रुग्ण ज्या सार्वजनिक रुग्णालयांत जातात त्यांपैकी पुष्कळांची बांधणीही अशीच दाटीची आहे. लेप देण्याची निकड जेथे अधिक, त्या आतल्या खोल्या, मोऱ्या व बोळ नेमके अंधारे असतात. खिडकीजवळच्या खाटेवर हजारो लक्स उजेड असताना त्याच कक्षाच्या आतल्या कोपऱ्यात तो शंभराच्या आसपास येतो, कठड्याच्या खालच्या बाजूस त्याहून कमी. आणि बोटांची पकड बसते ती खालच्याच बाजूस. जून ते सप्टेंबर हे चार महिने आभाळ झाकोळलेले असते. मुंबईच्या दमट हवेत हायड्रॉक्सिल मूलकांना लागणारे बाष्प मुबलक मिळते हे खरे, परंतु त्याच हवेत भिंतींना ओल येते, लेप सुटतो आणि त्यावर बसलेला धूळ व तेलकटपणा यांचा थर प्रकाशही अडवितो.

यामुळे लेप दिला म्हणून पुसणे थांबविता येत नाही. उलट लेप कार्यक्षम राहण्यासाठी पृष्ठभाग अधिक स्वच्छ असावा लागतो. सफाई कामगारांची संख्या, त्यांना मिळणारे हातमोजे व द्रावांचे योग्य प्रमाण यांवर होणारा खर्च कमी करून लेपावर खर्च करणे हा उलटा व्यवहार ठरेल. रोज क्लोरिनयुक्त द्रावाने पुसल्यास रंजकयुक्त लेपाचा रंग व क्रियाशीलता दोन्ही घटतात. प्रकाशाच्या आघाताने रंजक स्वतःही फिके होत जाते. टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा थर या बाबतीत टिकाऊ असला, तरी तो फवारताना उडणारे बारीक कण श्वासावाटे शरीरात जाऊ देणे इष्ट नाही. या संयुगाची धूळ श्वासावाटे गेल्यास ती मानवात कर्ककारक ठरण्याचा संभव आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदविला आहे.

परीक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००९ मध्ये आयएसओ २७४४७ हे मानक ठरविले. त्यात लेप दिलेल्या तुकड्यावर जंतूंचा द्राव पातळ पापुद्र्याखाली पसरून त्यावर ठराविक तीव्रतेचा जंबुपार प्रकाश पाडतात व उरलेले जंतू मोजतात. स्वच्छ, ओलसर व एकसारख्या उजेडातील हा तुकडा आणि रुग्णाच्या खाटेचा कोरडा, मळका कठडा यांत मोठे अंतर आहे. प्रयोगशाळेत ९९ टक्क्यांहून अधिक जंतू मारणाऱ्या लेपांनी प्रत्यक्ष कक्षांत मिश्र फळे दिली आहेत. काही ठिकाणी जंतूंची संख्या घटली, काही ठिकाणी फरक जाणवला नाही. संख्या घटल्याने रुग्णांमधील संसर्ग घटतो हे वेगळे सिद्ध करावे लागते. तांब्याच्या पृष्ठभागाबाबत असा प्रयत्न अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत झाला व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तांब्याच्या वस्तू असलेल्या खोल्यांतील संसर्ग निम्म्याहून अधिक घटल्याचे नमूद आहे. तांब्याला उजेडाची गरज नसते, पण त्याची किंमत व काळवंडणे आड येते. उजेड भरपूर व हात सतत लागणारा अशी स्थाने, उदा., बाह्यरुग्ण विभागाचे टेबल, परिचारिकेच्या चौकीवरील कळफलक, शस्त्रक्रियागृहातील दिव्याची मूठ, प्रकाशक्रियाशील लेपास अनुकूल आहेत. शस्त्रक्रियेच्या दिव्याखाली उजेडाची तीव्रता दहा हजार लक्सच्या कितीतरी पुढे असते आणि तेथे रंजकाचा लेप काही तासांऐवजी मिनिटांच्या हिशेबात कार्य करू शकतो.